माटुंग्यातील १९३९ सालची सिमेंटची इमारत 'वारसा' ठरू शकते का?

जुईली_माटुंगा

नमस्कार मंडळी,

माटुंगा पूर्वेला, फाइव्ह गार्डन्सपासून चालत पाच मिनिटांवर आमची इमारत आहे. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर तीन बिऱ्हाडे, आणि दर्शनी भिंतीवर गिलाव्यात उठवलेला १९३९ हा आकडा. सगळे पागडीचे, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यात राहणारे भाडेकरू आहेत. मालकांनी आता एका विकासकाचा प्रस्ताव आणला असून त्यात बावीस मजली मनोऱ्याचे चित्र आहे. पुढच्या महिन्यात संमतीपत्रांवर सह्या घ्यायच्या आहेत.

मी या घरात लग्न होऊन आले, त्याला एकतीस वर्षे झाली. इमारतीच्या कोपऱ्यावरची गॅलरी अर्धगोलाकार आहे, प्रत्येक खिडकीवर सलग फिरत जाणारा छज्जा आहे, आणि जिन्याच्या कठड्याच्या लोखंडी जाळीत उगवत्या सूर्याचे किरण आहेत. जिन्याच्या पायऱ्या मोझॅकच्या असून प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंदीची काळी पट्टी आहे. सासूबाईंना शेवटच्या वर्षांत फारसे दिसत नव्हते, तरी त्या काळ्या पट्टीच्या आधाराने त्या एकट्या खाली उतरत असत.

बैठकीत मी हळूच विचारले की ही इमारत वारसा म्हणून जपता येईल का. त्यावर एका शेजाऱ्यांनी उत्तर दिले की वारसा म्हणजे किल्ले, लेणी, देवळे. सिमेंटच्या घराला कोणी वारसा म्हणत नाही. ते बरोबर बोलत आहेत का? आणि असे संरक्षण मिळालेच, तर आत राहणाऱ्या माणसांचे नेमके काय होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

*

रेघोट्या

जुईलीताई, मी वास्तुरचनाकार आहे आणि तुमच्या शेजाऱ्यांशी आदरपूर्वक पण पूर्णपणे असहमत आहे. मुंबईची 'व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह' म्हणून ३० जून २०१८ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यात उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या दगडी गॉथिक इमारतींच्या समोर, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर उभी असलेली आर्ट डेको रांग ही प्रामुख्याने सिमेंट-काँक्रीटची, भाड्याने देण्यासाठी बांधलेली, माणसांच्या राहण्याची घरे आहेत.

मरीन ड्राइव्ह आणि वीर नरिमन रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरची सूना महल ही इमारत १९३७ सालची आहे आणि तिचे रचनाकार गजानन बा. म्हात्रे हे आपले मराठी गृहस्थ, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले. ओव्हलसमोरचे एम्प्रेस कोर्टही त्यांचेच. रोज हजारो मराठी माणसे या इमारतींखालून जातात आणि त्यांतल्या फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमच्याकडची अर्धगोल गॅलरी, सलग छज्जा आणि सूर्यकिरणांची जाळी ही याच आर्ट डेको शैलीची लक्षणे. 'आर्ट डेको' हा शब्द मात्र त्या काळी वापरात नव्हता. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून तो पुढे, १९६० च्या दशकात रूढ झाला. बांधणारे आणि राहणारे या घरांना सरळ 'मॉडर्न' म्हणत. नोव्हेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये वास्तुरचनाकारांच्या संस्थेने 'आदर्श घर' प्रदर्शन भरवले होते, आणि त्यात नव्या पद्धतीचे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि फर्निचर कसे असावे हे मध्यमवर्गाला दाखवले होते. तुमची इमारत त्यानंतर दोनच वर्षांनी उभी राहिली. तुमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीने वाड्यातून आणि चाळीतून ब्लॉकमध्ये पाऊल टाकले, घराच्या आत संडास आणि नळ स्वीकारला, त्या मोठ्या बदलाची ती साक्ष आहे.

छज्ज्याबद्दल एक सांगायचे आहे. युरोपातील आधुनिक इमारतींच्या भिंती सपाट होत्या. मुंबईत तशी भिंत चार महिन्यांचा पाऊस आणि एप्रिलचे ऊन सोसणार नाही हे इथल्या रचनाकारांनी ओळखले आणि खिडकीवरचा छज्जा सलग फिरवून त्याचीच शोभा केली. तुमच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला हात फिरवून पाहा. तिथे बोटभर खाच असेल. पावसाचे पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते आणि भिंतीकडे परतत नाही.

*

तिसरा_मजला

मी शिवाजी पार्कजवळ १९३८ च्या इमारतीत राहतो, म्हणून वरचे सगळे वाचून मला बोलावेसे वाटले. गेल्या वर्षी १४ जुलैच्या रात्री आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा तुकडा ओट्यावर पडला. त्याच ओट्यासमोर दहा मिनिटांपूर्वी माझी आई दूध तापवत उभी होती. तेव्हापासून आम्ही चौघे एका खोलीत झोपतो आणि जिन्यात लाकडी टेकू आहेत.

सूना महल सुंदर आहे हे मला मान्य आहे. परंतु ज्यांना रस्त्यावरून छज्जा दिसतो ते आणि ज्यांच्या डोक्यावर छत पडते ते, ही दोन वेगळी माणसे आहेत. २०१२ मध्ये महापालिकेच्या वारसा यादीत आमचा परिसर घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मी स्वतः हरकत नोंदवली होती आणि आजही नोंदवीन. आम्हाला कोणीही सांगितले नाही की दुरुस्तीचा खर्च कोण करणार. वारसा म्हणणाऱ्यांनी आधी त्याचे उत्तर द्यावे.

*

रेघोट्या

तुमच्या आई सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात त्याला जागा द्यायला हवी होती.

*

कोबा

मी बांधकाम अभियंता असून निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचेच काम केले. छत का पडते हे समजून घेतल्याशिवाय इमारत ठेवायची की पाडायची याची चर्चा करू नये, असे माझे मत आहे.

काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, ही अल्कता कमी होते आणि सळई उघडी पडते. समुद्राचे खारे वारे किंवा मूळ कामात वापरलेली खारी रेती यांमुळे हे आणखी लवकर घडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, आणि तोच आतून काँक्रीटला ढकलून पोपडा पाडतो. आपण खालून गिलावा करून रंग दिला की गंज दिसेनासा होतो, थांबत नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचीच छते आधी का जातात, तर वरच्या मजल्याच्या मोरीची गळती तिथेच मुरत असते.

छज्ज्याचे दुखणे वेगळे आहे. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबकळत असतो, म्हणून त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असावी लागते. पाणी साचते तेही वरच्याच बाजूला. त्यातच लोक त्यावर कुंड्या आणि वातानुकूलन यंत्रे ठेवतात, आणि नवा गिलावा करणारे गवंडी रेघोट्या यांनी सांगितलेली ती खाच बुजवून टाकतात. खाच बुजली की पाणी भिंतीत शिरते. मी किमान पन्नास इमारतींमध्ये हे पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे, कारण खाच पुन्हा कोरायला एका गवंड्याला एक दिवस पुरतो.

दुरुस्ती होऊ शकते का? बहुतेक वेळा होते. सैल काँक्रीट काढायचे, सळई गंजमुक्त करायची, जिथे ती फार झिजली असेल तिथे नवी जोडायची, पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरायचे, खांब कमकुवत असतील तर त्यांना जॅकेट करायचे, म्हणजे भोवती नवे काँक्रीट चढवायचे, आणि सर्वांत आधी गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, आणि सांडपाण्याचे नळ नीट करायचे. मात्र खांबच खालपासून गेले असतील आणि तपासणीत इमारत सी-१ वर्गात, म्हणजे रिकामी करून पाडण्याच्या वर्गात गेली असेल, तर तिथे भावना बाजूला ठेवाव्यात. जुईलीताई, तुमच्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झाले आहे का? झाले असेल तर ते कोणी करवून घेतले?

*

जुईली_माटुंगा

ऑडिट विकासकाच्या बाजूने झाले आहे. अहवालाचा शेवटचा कागदच आम्हाला दाखवला. तपासणीसाठी आलेले दोघे तासाभरात परत गेले होते आणि आमच्या घरात तर आलेच नव्हते.

तुमचे वाचून आज सकाळी छज्ज्याखाली हात घातला. स्वयंपाकघराच्या बाजूला खाच बुजलेली आहे आणि त्याच भिंतीला ओल आहे. दर्शनी बाजूला मात्र खाच अजून शाबूत आहे आणि तिथली भिंत पूर्ण कोरडी आहे. इतकी वर्षे ती खाच डोळ्यांसमोर होती, आणि ती कशासाठी आहे हे मला आज कळले.

*

कोबा

मग भाडेकरूंनी वर्गणी काढून स्वतःचे स्वतंत्र ऑडिट करून घ्यावे. नुसत्या डोळ्यांनी पाहणी करून काम भागवू देऊ नका. काँक्रीटचे नमुने काढणे, कार्बोनेशनची खोली, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा परिणाम किती आत गेला आहे ते, मोजणे, सळईच्या गंजाची विद्युत चाचणी, हे सारे लेखी मागा.

*

कलम_सदुसष्ट

कायद्याची बाजू मांडतो. बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. विकास नियंत्रण नियमावलीत ती ६७ व्या क्रमांकावर होती, म्हणून माझे हे नाव. आताच्या २०३४ च्या नियमावलीत ती ५२ वर आहे. वारसा संवर्धन समिती सल्ला देते आणि महापालिका आयुक्त निर्णय घेतात.

महापालिकेच्या वारसा यादीत आले म्हणजे खिळाही ठोकता येत नाही, हा मोठा गैरसमज आहे. पहिल्या श्रेणीच्या वास्तूंना फारसा हात लावता येत नाही हे खरे. दुसऱ्या श्रेणीत 'अ' आणि 'ब' असे दोन भाग असून आतील बदलांना, आणि 'ब' मध्ये मूळ वास्तूला शोभेल अशा वाढीव बांधकामालाही वाव आहे. तिसऱ्या श्रेणीत बाहेरचे आणि आतले बदल बऱ्यापैकी करता येतात, आणि इमारत खरोखरच कमकुवत असेल तर पुनर्बांधणीचाही विचार होतो. याशिवाय 'वारसा परिसर' अशी वेगळी संकल्पना आहे. तीत एकेका इमारतीपेक्षा रस्त्याची रुंदी, समोरची मोकळी जागा, उंची आणि झाडे यांचा विचार मुख्य असतो. माटुंगा-दादरच्या वसाहतींना हीच संकल्पना लागू पडते असे मला वाटते, कारण १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या शहर सुधारणा मंडळाने त्या मुळातच हवा-उजेडाचा हिशेब करून आखल्या. युनेस्कोच्या यादीतील क्षेत्र मात्र दक्षिण मुंबईपुरते आहे. माटुंग्याला त्याचे कवच नाही.

आता तिसरा_मजला यांच्या प्रश्नाकडे येतो. दुरुस्ती का झाली नाही याचे उत्तर एका तारखेत आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले. त्याच तारखेपूर्वीच्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या 'अ' वर्गात येतात. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते आणि मी स्वतः भाडेकरूच्या घरात वाढलो आहे, म्हणून त्या कायद्याला दोष देणार नाही. पण त्या भाड्यात मालकाला गच्चीचा कोबाही परवडेना. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर सुरू झाला, आणि सुमारे एकोणीस हजार सहाशे इमारतींचा भार एका मंडळावर पडला. इमारती सिमेंटच्या आहेत म्हणून खराब झाल्या असे नाही. तीन पिढ्या त्यांच्या देखभालीसाठी पैशाची वाटच मोकळी नव्हती.

वारसा नियमांत मालकाचे बुडालेले बांधकाम हक्क टीडीआर म्हणून अन्यत्र विकण्याची तरतूद १९९५ पासूनच आहे. परंतु तो पैसा त्याच इमारतीच्या दुरुस्तीत यावा आणि भाडेकरूला तो खर्च होताना दिसावा, अशी घट्ट सांगड जोवर बसत नाही, तोवर लोक हरकती नोंदवणार, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही.

*

तिसरा_मजला

इतके स्पष्ट २०१२ मध्ये कोणी समजावून सांगितले असते तर माझ्या हरकतीचा मजकूर वेगळा झाला असता. दुरुस्तीचा पैसा आधी आणि यादी नंतर, एवढेच माझे म्हणणे आहे.

*

नायगाव_८०_खोल्या

माझा जन्म बीडीडी चाळीतला आहे आणि या धाग्यावर एक गोष्ट सुटून जाऊ नये म्हणून लिहितो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या आमच्या चाळी काँक्रीटच्याच होत्या, म्हणजे तुमच्या मॉडर्न ब्लॉकपेक्षाही आधीच्या. तळमजला अधिक तीन, मजल्याला वीस खोल्या, एकूण ऐंशी, आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मधल्या लांब ओसरीत आम्ही अभ्यास केला, आजारी माणसाला खाट टाकली, नाटकाच्या तालमी केल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथे आता पुनर्विकास चालू आहे, आणि माझ्या बहिणीला नळ आणि संडास स्वतःच्या घरात मिळणार याचा मला आनंद आहे. तो आनंद मी कोणत्याही वारशासाठी सोडणार नाही.

तरीही मनात येते की या शहरात वारसा शोधायला निघालेली नजर आधी अर्धगोल गॅलरीवर जाते. ऐंशी खोल्यांसाठी एक ओसरी आखणारी रचनाही तेवढीच अभ्यासण्यासारखी होती. एखादी चाळ मोजमापासह, माणसांच्या आठवणींसह पूर्ण नोंदवून ठेवावी, असे आमच्यापैकी अनेकांना वाटते.

*

रेघोट्या

अगदी खरे आहे. आणि त्याच अनुषंगाने मॉडर्न ब्लॉकच्या मागच्या बाजूकडेही पाहावे लागेल. अनेक इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिना असतो, जो थेट न्हाणीघराच्या दाराशी उघडतो. सफाई कामगाराने घरातून न येता तिथून यावे, यासाठी तो होता. पुढच्या जिन्याला सूर्यकिरणांची जाळी आणि मागच्या जिन्याला अरुंद, गंजकी पावले. एकाच नकाशावर, एकाच हाताने काढलेले हे दोन जिने आहेत. जतन करायचे असेल तर मागचा जिनाही त्याच्या कारणासकट नोंदवला पाहिजे.

*

जुईली_माटुंगा

आमच्याकडे तो आहे. मुले त्याला मागचा जिना एवढेच म्हणतात. मी त्यांना कधी कारण सांगितले नव्हते.

*

स्प्रे_नदीकाठी

मी गेली अकरा वर्षे बर्लिनमध्ये राहते. येथील १९१३ ते १९३४ या काळातील सहा गृहवसाहती २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांत राजवाडे नाहीत. कामगार आणि कारकून यांच्यासाठी बांधलेली घरे आहेत आणि त्यांत आजही लोक राहतात, कपडे वाळत घालतात, भाडे भरतात. ब्रुनो टाउट यांची घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत त्यांतलीच.

तिथली एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. काही रहिवाशांनीच पुढाकार घेऊन दरवाजे, खिडक्या, रंग यांची बारीक माहिती गोळा करून सर्वांसाठी उपलब्ध केली. कोणाला दार बदलायचे असेल तर मूळ दार कसे होते, त्याचा रंग कोणता होता, हे शोधत बसावे लागत नाही. जर्मनीत सरकारी पाठबळ आणि करसवलती आहेत, त्यामुळे तुलना पूर्ण होत नाही हे मी जाणते. पण नोंद ठेवण्याला फार पैसा लागत नाही.

*

गुळाचा_खडा

पुनर्विकास झाल्यावर ज्या घरांत राहायला जायचे त्यांचा देखभाल खर्च किती येतो याचाही हिशेब मांडा. आमच्याकडे दोन वृद्ध कुटुंबे उद्वाहने, पंप आणि पहारा यांचा महिन्याचा खर्च न झेपल्याने तीन वर्षांत घर विकून डोंबिवलीला गेली.

*

कोबा

गुळाचा_खडा यांचा मुद्दा मोलाचा आहे. सह्या करण्यापूर्वी प्रत्येकाने तो आकडा लेखी मागावा.

जुईलीताई, बर्लिनच्या ताईंनी सुचवलेली नोंद तुम्ही या रविवारीच सुरू करू शकता. पायरीची उंची आणि रुंदी, छज्ज्याची जाडी, जाळीची आकृती कागदावर घासून, खिडक्यांच्या तावदानांची मापे. आणि रंग पाहायचा असेल तर कठड्यावर एका कोपऱ्यात नाण्याएवढी जागा घेऊन बारीक पॉलिश पेपरने मधोमध घासत जा. झाडाच्या वर्तुळांसारखे एकेक थर दिसू लागतात. मधला ठिपका म्हणजे पहिला रंग. इमारत राहो वा न राहो, ही वही राहील, आणि दुरुस्तीचा अंदाज काढायलाही तीच लागेल.

*

जुईली_माटुंगा

मंडळी, सविस्तर कळवते, कारण आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले.

बारांपैकी आठ बिऱ्हाडांनी स्वतंत्र ऑडिटसाठी वर्गणी दिली असून काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. त्याचा अहवाल हाती येईपर्यंत संमतीपत्रावर सही करायची नाही असे या आठ जणांनी ठरवले आहे. उरलेल्या चार घरांना मनोरा हवा आहे आणि त्यांची कारणेही खरी आहेत. त्यांतल्या एका घरात तीन मुलगे लग्नाचे आहेत आणि खोल्या दोनच आहेत. अहवाल सी-१ आला तर आम्ही मागे हटू, हेही मी बैठकीत सांगितले. मात्र नव्या इमारतीत पायरीला काळी पट्टी आणि खिडकीवर खाचेचा छज्जा असावा, असे तरी लेखी मागू.

रविवारी नोंदीचे काम सुरू केले. माझ्या मुलीने मोजमापे घेतली, मी वहीत उतरवली. पुढच्या जिन्याची पायरी सहा इंच उंच आहे आणि मागच्या जिन्याची नऊ. मुलीने विचारले की हा फरक कशामुळे, तेव्हा रेघोट्या यांनी लिहिलेले तिला वाचून दाखवले. ती बराच वेळ मागच्या जिन्यावर बसून होती.

नंतर कठड्यावर पॉलिश पेपर घासला. वरचा काळा तेलरंग गेला, खाली चंदेरी, मग चॉकलेटी, मग पुन्हा काळा, आणि अगदी आत फिकट पिस्त्यासारखा हिरवा. वारसा म्हणजे लेणी असे म्हणणारे आमचे शेजारी बाजारातून पिशवी घेऊन वर येत होते. ते थांबले, चष्मा वर करून त्यांनी तो ठिपका पाहिला आणि म्हणाले की त्यांच्या लहानपणी गॅलरीचे दारही याच रंगाचे होते. मग पिशवी पायरीवर ठेवून ते स्वतः दाराचा कोपरा घासायला बसले.

कोबाकाका, लाकडावरचा रंग काढायला कोणत्या नंबरचा कागद घ्यावा?

*

कोबा

लाकडाला दोनशे वीसचा घ्या आणि रेषेच्या दिशेने घासा. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून कागद आणि लाकूड ओले करून घासा आणि एन-९५ मुखपट्टी लावा, नुसते फडके पुरत नाही. मुलीला लांब बसवा.